सातबारा जपता, तसा हाही कागद करून ठेवा



सातबारा, आठ-अ, सोसायटीच्या पावत्या हे सारे कागद आपण ट्रंकेत जपून ठेवतो. वाटणीवरून तंटा नको म्हणून जाणती माणसे मृत्युपत्रही करतात. पण ते उघडायचे माणूस गेल्यावर. जाण्याआधी अंथरुणाला खिळलेले, वाचा गेलेले जे दिवस येतात, त्या दिवसांत माझ्यावर कोणते उपचार करावेत आणि कोणते करू नयेत, हे फारसे कोणी लिहून ठेवत नाही. विषय काढला की घरातली म्हातारी माणसे 'शुभ बोल नाऱ्या' म्हणून गप्प करतात.

माझ्या नोकरीच्या एका गावी सत्तरी ओलांडलेल्या गृहस्थांना पक्षाघाताचा मोठा झटका आला. दवाखान्यात त्यांना श्वासाच्या यंत्रावर ठेवले. आठवड्याने डॉक्टरांनी स्पष्ट सांगितले, शुद्ध येण्याची आशा नाही. शेती पाहणारा धाकटा म्हणाला, "अण्णांना घरी नेऊ. मला माझ्या ओसरीवरून जाऊ द्या, असं ते नेहमी म्हणायचे." शहरात नोकरी करणारा थोरला म्हणाला, "लोक म्हणतील, पैशाकडे बघून बापाला सोडलं." दोघांचेही खोटे नव्हते. महिनाभर यंत्र चालले, उसाचे बिल त्यात गेले, वर उसनवारी झाली. अण्णा दवाखान्यातच गेले. भावाभावांचे बोलणे मात्र तुटले ते तुटलेच. अण्णांनी चार ओळी लिहिल्या असत्या, तर थोरल्याला लोकांचे भय राहिले नसते.

अशा चार ओळींना आता कायद्याचा आधार आहे. सर्वोच्च न्यायालयाने ९ मार्च २०१८ रोजी त्या मान्य केल्या. तेव्हाची पद्धत किचकट होती. कागदावर न्यायदंडाधिकाऱ्यांची सही लागे. २४ जानेवारी २०२३ रोजी न्यायालयाने ती सोपी केली. आता दोन साक्षीदारांसमोर सही करून नोटरी किंवा राजपत्रित अधिकाऱ्यासमोर कागद साक्षांकित केला की पुरते. साक्षीदार शक्यतो त्रयस्थ असावेत. लिहिणारा सज्ञान आणि शुद्धीवर हवा, कोणाचा दबाव नको. आपल्याला बोलता येईनासे झाल्यास डॉक्टरांशी कोणी बोलावे, त्या एकदोघांची नावे कागदात असली पाहिजेत. एक प्रत त्यांना द्यावी, घरचे डॉक्टर असतील तर त्यांना द्यावी, आणि एक ग्रामपंचायत किंवा नगरपालिकेने नेमलेल्या अधिकाऱ्याकडे ठेवण्यास द्यावी.

भाषा साधी असू द्या. 'मला असाध्य दुखणे झाले, बरे होण्याची आशा उरली नाही आणि मला निर्णय घेता येईनासा झाला, तर केवळ श्वास चालू ठेवण्यासाठी यंत्र लावू नये, लावले असल्यास काढावे. वेदना कमी करण्याचे औषध मात्र द्यावे.' ज्यांना शेवटपर्यंत सारे उपचार हवे असतील, त्यांनी तसे घरच्यांना सांगून ठेवावे. त्यातही लाज नाही.

एक गैरसमज फार आहे. हा कागद म्हणजे मरणाचे इंजेक्शन मागणे नव्हे. तसे इंजेक्शन देणे आपल्या देशात आजही गुन्हा आहे. कागद दाखवला की लगेच यंत्र बंद, असेही होत नाही. आधी दवाखान्यातले तीन डॉक्टर पाहतात, मग दुसरे तीन पाहतात. त्या दुसऱ्या तिघांत एक जिल्ह्याच्या मुख्य वैद्यकीय अधिकाऱ्यांनी नेमलेला असतो. तेव्हा जमिनीच्या लोभाने कोणी घाई करील, ही धास्ती बाळगू नये. आणि मन बदलले तर शुद्धीवर असेपर्यंत कागद केव्हाही लेखी रद्द करता येतो.

कागद नसला तरी घरच्यांच्या संमतीने डॉक्टरांना याच रीतीने निर्णय घेता येतो. पण मग सारे ओझे मुलाच्या डोक्यावर पडते, आणि त्याला ते जन्मभर वाहावे लागते.

कारभारणींनीही आपला कागद वेगळा करावा. नवऱ्याच्या कागदात बायकोची इच्छा येत नाही. आमच्याकडे बायका दुखणे अंगावर काढतात आणि शेवटी त्यांच्या वतीने दुसरेच बोलतात.

पिकाची धांदल आटोपली की एखाद्या संध्याकाळी मुले, सुना, लेकी-जावई जमवून कागद मोठ्याने वाचून दाखवा. मग तो ट्रंकेच्या तळाशी घालू नका. रात्री-अपरात्री दवाखान्यात धावपळ सून करते. तो कुठे आहे हे तिला ठाऊक असू द्या. आधार कार्ड आणि रेशन कार्डाच्या पिशवीत ठेवलेला बरा.