कलादालनात पाय का भरून येतात?

“डॉक्टर, दिवसभर उसाला पाणी धरतो, काही होत नाही. दिल्लीत चित्रांच्या म्युझियममध्ये दोन तास फिरलो आणि पाय भरून आले. आपलं काम नाही ते!” शिरूर-दौंड भागातल्या साठीच्या एका शेतकऱ्याने ओपीडीत केलेली ही तक्रार.

दोष त्यांच्या पायांचा नव्हता. चालताना पोटरीचे स्नायू आवळतात आणि शिरांतलं रक्त वर हृदयाकडे ढकलतात. चित्रांपुढे आपण दोन पावलं टाकतो आणि थांबतो. हा पंप मंदावतो, रक्त पायांत साचतं, घोटे सुजतात, कधी चक्करही येते. बॉस्टनच्या कलासंग्रहालयातील बेंजामिन गिलमन यांनी १९१६ मध्येच या थकव्यावर लेख लिहिला होता.

दिल्लीच्या राष्ट्रीय आधुनिक कला संग्रहालयात यावरचा उतारा अंगणातच आहे. इंडिया गेटजवळच्या जयपूर हाऊसमध्ये १९५४ साली हे संग्रहालय सुरू झालं. तिथल्या हिरवळीवर शिल्पं मांडली आहेत. त्यात देवीप्रसाद रॉयचौधरी यांचं ‘श्रमाचा विजय’ आहे : अवजड दगड हलवायला जोर लावणारे चार मजूर. त्यांच्या ताणलेल्या पाठी आणि पोटऱ्या पाहायच्या तर शिल्पाभोवती फिरावं लागतं. तेवढ्यात आपलीही पोटरी कामाला लागते. पहारीने दगड उलथलेल्या माणसाला हे शिल्प समजावून सांगावं लागत नाही.

इंग्लंडमध्ये पन्नाशीपुढच्या सहा हजारांहून अधिक लोकांचा सुमारे १४ वर्षं मागोवा घेतला गेला. प्रदर्शनं, नाटकं, मैफलींना दर काही महिन्यांनी जाणाऱ्यांमध्ये मृत्यूचा धोका ३१ टक्क्यांनी कमी आढळला, असं २०१९ मध्ये ‘ब्रिटिश मेडिकल जर्नल’ने प्रसिद्ध केलं. कलेमुळेच आयुष्य वाढलं, हे यातून सिद्ध होत नाही. त्यामुळे रक्तदाबाची गोळी चालूच ठेवा; पण घराबाहेर पडायला हे कारण पुरेसं आहे.

जाताना एवढं करा. आत अर्धा तास, मग बाहेर दहा मिनिटं बसा. उभं असताना टाचा वर-खाली करा. मधुमेह असेल तर जेवण चुकवू नका, नवे बूट टाळा, रात्री तळवे तपासा. लांबच्या प्रवासानंतर एकाच पायाला सूज येऊन पोटरी दुखली, तर शिरेत रक्ताची गुठळी असू शकते. त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवा.

दिल्ली लांब वाटली, तर याच संग्रहालयाची शाखा मुंबईत रीगल सिनेमाजवळ आहे. सोमवार सोडून जा. सगळं पाहून संपवायचं नसतं; चार चित्रं नीट पाहिली तरी दिवस सार्थकी लागतो.