राजीखुशीचा कागद

आमच्या सुप्याकडे काळा कोट घातलेला प्रत्येक माणूस अजूनही ‘बालिस्टर’ असतो. माझी सनद साधी, विलायतेचा किनारा मी पाहिलेला नाही. पण बाजारात भाजी विकणाऱ्या म्हाताऱ्या मला ‘बालिस्टर दादा’ म्हणतात आणि मीही ती पदवी निमूटपणे पदरात घेतो. फुकटची पदवी कोण नाकारतो?

काम माझे बारामतीच्या कोर्टात. पोटगी, मुलांचा ताबा, ‘नांदायला पाठवा’ असले अर्ज. बाररूममध्ये या कामाला फारशी प्रतिष्ठा नाही. जमिनीच्या एका दाव्यावर वकिलाच्या दोन पिढ्या जगतात. पोटगीची फी मात्र कधी नोटांत येते, कधी हुरड्याच्या पिशवीत.

वाचकहो, शहरात तुम्हांला वाटत असेल, की असल्या खटल्यांत मारहाण, दारू आणि सासू एवढेच असते. ते असतेच. पण माझी निम्मी लढाई कागदाशी चालते.

एकदा अशीच एक बाई आली. पंचविशीतली, कडेवर पोर, सोबत थोरला भाऊ. भावाने पिशवीतून स्टँपपेपर काढला. “दादा, हिची फारकत झालीया. आता पोटगी मिळंल का?” कागदावर लिहिले होते, की उभयता राजीखुशीने विभक्त राहत असून पत्नीचा पोटगीवर कसलाही हक्क उरलेला नाही. खाली पंचांच्या सह्या आणि तिचा अंगठा.

“वाचून दाखवला होता का कुणी?” मी विचारले.

“मामंजी म्हनले, पोराच्या शाळंचा कागद हाय.”

पोर तेव्हा आठ महिन्यांचे होते!

आता यातली गंमत पाहा. १९५५ च्या हिंदू विवाह कायद्यानंतर घटस्फोट देणे हे कोर्टाचे काम. जातीची जुनी रूढी पुराव्याने सिद्ध झाली, तरच पंचांची फारकत टिकते, आणि तसा पुरावा देणे सोपे नसते. पोटगीचा हक्क सोडल्याचे कलमही कोर्टे सहसा मानीत नाहीत. मग असले कागद लिहितात तरी कशाला? मेख ‘राजीखुशीने’ या शब्दात आहे. फौजदारी कायद्यातली पोटगी, म्हणजे जुने कलम ४८८, १९७४ पासूनचे १२५ आणि १ जुलै २०२४ पासूनचे नव्या संहितेतले १४४, परस्परसंमतीने वेगळ्या राहणाऱ्या पत्नीला मिळत नाही. मसुदा लिहिणारा गडी काही अडाणी नसतो!

सुदैवाने असल्या अंगठ्यांवर कायद्यानेही पुष्कळ विचार केलेला आहे. नाशिकला १८६६ साली जन्मलेल्या, पुण्याच्या डेक्कन कॉलेजात शिकलेल्या कॉर्नेलिया सोराबजी यांनी १८९२ मध्ये ऑक्सफर्डला कायद्याची परीक्षा दिली. पण बायकांना वकिलीची दारे उघडणारा कायदा व्हायला १९२३ साल उजाडावे लागले. मधल्या काळात, १९०४ पासून, त्यांनी बंगालकडे पडदानशीन जमीनदारणींच्या इस्टेटींचे काम पाहिले. अशा बाईचा कागद पुढे करणाऱ्यानेच तो तिला समजला होता हे सिद्ध करावे, हा नियम त्या काळच्या कोर्टांनी घालून दिला. पुढे निरक्षर बायकांनाही त्याचा आधार मिळाला. आमच्या बाईला ना पडदा ना जमीन, पण नियम तोच कामी आला. उलटतपासणीत दोन पंचांना कागद कुठे लिहिला हेच सांगता येईना.

कागदाच्या बाबतीत सुप्याला मोठा इतिहास आहे. १२ मे १८७५ रोजी इथल्याच बाजारात शेतकऱ्यांनी सावकारांची दुकाने फोडून रोखे जाळले आणि तो वणवा पुणे-नगर भागात पसरला. त्यातून १८७९ चा दख्खनचा शेतकरी कायदा आला. रोख्यावर आकडा काय आहे एवढ्यावर न थांबता मुळात व्यवहार काय झाला, हे कोर्टाने तपासावे, असे त्याने सांगितले. मला तो कायदा फार आवडतो.

कागद बाजूला पडला, की पुढचा प्रश्न उत्पन्नाचा. सुप्याचा भाग जिरायती. त्यामुळे प्रत्येक नवरा पिंजऱ्यात उभा राहून पावसाच्या नावाने रडतो. मग आम्ही सातबारा काढतो, डेअरीच्या पावत्या मागवतो. कालव्याकडे आईच्या नावावर जमीन आणि कारखान्याचे ऊसबिल स्वतःच्या खात्यावर, असेही निघते. पूर्वी एवढे शोधूनही उपयोग बेताचाच, कारण १९५५ पासून पोटगीची कमाल मर्यादा महिना पाचशे रुपये होती. ती २००१ साली उठली. २०२० मध्ये सर्वोच्च न्यायालयाने दोन्ही पक्षांनी मिळकतीचे प्रतिज्ञापत्र द्यावे आणि पोटगी अर्जाच्या तारखेपासून मोजावी, असे ठरवून दिले. तेव्हापासून ‘तारीख पे तारीख’ नवऱ्यालाच महाग पडू लागली.

हुकूम झाला म्हणजे पैसे आले, असे मात्र नव्हे. थकबाकीसाठी वॉरंट निघते, तुरुंगही होतो. पण रक्कम देय झाल्यापासून वर्षाच्या आत अर्ज करावा लागतो. बायका ‘देतील आज ना उद्या’ म्हणून थांबतात आणि जुने महिने हातचे जातात. म्हणून मी प्रत्येकीला कॅलेंडरवर खूण करायला लावतो. आणि वकिलाच्या फीची धास्ती कुणी घेऊ नये. बाईला, तिचे उत्पन्न कितीही असो, सरकारी खर्चाने वकील मिळतो. तालुक्याच्या कोर्टातच विधी सेवा समिती असते, तिथे साधा अर्ज द्यायचा.

त्या बाईची चौदा महिन्यांची थकबाकी अखेर कोर्टात जमा झाली. वर्षाच्या आत अर्ज दिला होता, म्हणून एकही महिना बुडाला नाही. पावतीवर अंगठा मागितला, तेव्हा तिने कारकुनाकडून ती दोनदा वाचून घेतली. मागे रांग खोळंबली होती, कारकून चिडला. ती म्हणाली, “अजून एकदा वाचा.”