प्रोग्रॅम शाळेत, रोबो अवकाशात

‘झीरो रोबोटिक्स’ ही शाळकरी मुलांची प्रोग्रॅमिंग स्पर्धा आहे. तिची अंतिम फेरी जमिनीपासून सुमारे ४०० किलोमीटर उंचीवर, आंतरराष्ट्रीय अवकाश स्थानकात होते. अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजी, म्हणजेच एमआयटी, आणि नासा यांनी ती उभी केली. तिच्या दोन शाखा आहेत. मोठ्या मुलांची स्पर्धा शाळा सुरू झाल्यावर भरते, तर साधारण अकरा ते चौदा वर्षांच्या मुलांसाठी उन्हाळी सुट्टीत काही आठवड्यांचा कार्यक्रम असतो.

स्पर्धेचे मूळ एका संशोधन प्रकल्पात आहे. एमआयटीतील प्राध्यापक डेव्हिड मिलर यांनी १९९९ मध्ये विद्यार्थ्यांना ‘स्टार वॉर्स’ चित्रपटातील हवेत तरंगणारा सरावाचा गोळा दाखवला आणि तसा खराखुरा गोळा बनवायला सांगितले. त्यातून ‘स्फिअर्स’ नावाचे छोटे उपग्रह तयार झाले. असे तीन उपग्रह २००६ मध्ये अवकाश स्थानकात पोहोचले. अनेक उपग्रहांनी एकमेकांशी मेळ राखून कसे उडावे, परस्परांना कसे जोडले जावे, याचे प्रयोग त्यांच्यावर होत असत. जमिनीवर गुरुत्वाकर्षणामुळे अशा प्रयोगांना मर्यादा पडतात. गुळगुळीत टेबलावर हवेच्या पातळ थरावरून उपकरण सरकवता येते, पण ते एका प्रतलातच फिरते. स्थानकात मात्र ते सर्व दिशांना मोकळेपणाने सरकते आणि वळते.

प्रत्येक स्फिअर सुमारे २० सेंटिमीटर व्यासाचा आणि चार किलोंच्या आसपास वस्तुमानाचा होता. त्याच्या टाकीत द्रवरूप कार्बन डायऑक्साइड असे. बारा नळ्यांपैकी हव्या त्या नळीतून वायूचा झोत सोडला, की उपग्रह उलट दिशेला ढकलला जाई. भिंतींवर बसवलेल्या यंत्रांमधून निघणारे अल्ट्रासाउंड संकेत त्याच्या अंगावरील सूक्ष्म मायक्रोफोन टिपत. संकेत पोहोचायला लागलेल्या वेळावरून उपग्रह स्वतःची जागा आणि कल ओळखत असे.

हे उपग्रह शाळकरी मुलांनाही चालवायला द्यावेत, या विचारातून २००९ मध्ये झीरो रोबोटिक्स सुरू झाली. पुढच्याच वर्षी बोस्टन परिसरात उन्हाळी कार्यक्रमाचा प्रारंभ झाला. या कार्यक्रमात मुले शिक्षकांच्या मार्गदर्शनाखाली गटाने काम करतात. प्रोग्रॅमिंगचा आधीचा अनुभव लागत नाही. सुरुवातीला आज्ञांचे चौकोनी ठोकळे पडद्यावर जुळवून प्रोग्रॅम रचता येतो. मोठी मुले मात्र ‘सी’ भाषेच्या धर्तीवर मजकूर लिहितात. जोडीला बल, गती, निर्देशांक आणि कोन यांचा अभ्यास होतो.

त्या अभ्यासावाचून प्रोग्रॅम चालतच नाही. जमिनीवरची गाडी इंजिन बंद केल्यावर घर्षणाने थांबते. तरंगणारा उपग्रह एकदा ढकलला, की जवळपास त्याच वेगाने पुढे जात राहतो. त्याला थांबवायचे तर उलट दिशेने तेवढाच जोर लावावा लागतो आणि त्यालाही इंधन खर्ची पडते. स्फिअर्सच्या स्पर्धेत मुलांनी लिहिलेला मुख्य भाग दर सेकंदाला नव्याने चालवला जाई. आपण कुठे आहोत, प्रतिस्पर्धी कुठे आहे, इंधन किती उरले आहे, हे पाहून पुढची हालचाल प्रोग्रॅमनेच ठरवायची असते. सामना सुरू झाल्यावर मुलांना हस्तक्षेप करता येत नाही.

खेळाचे विषय खऱ्या अवकाश मोहिमांतून घेतले जातात. मोठ्या मुलांच्या स्पर्धेत २०११ चा विषय लघुग्रहावरील खाणकाम होता, तर २०१२ चा अवकाशातील कचरा हटवण्याचा. त्याच स्पर्धेत युरोपातील शाळाही आल्या. निर्णायक टप्प्यांत वेगवेगळ्या देशांच्या संघांना आघाडी करून एकच प्रोग्रॅम लिहावा लागे.

सुरुवातीच्या फेऱ्या संगणकावरील आभासी रोबोंवर होतात. हे अनुकरण ब्राउझरमध्येच चालते, त्यामुळे शाळेला महागडी उपकरणे घ्यावी लागत नाहीत. निवडक प्रोग्रॅम स्थानकाकडे पाठवले जातात. तेथे अंतराळवीर रोबो जागेवर सोडतो, सामना सुरू करतो आणि मुले थेट प्रक्षेपणातून तो पाहतात. पडद्यावर बिनचूक चाललेला प्रोग्रॅम प्रत्यक्षात चुकू शकतो, कारण संवेदकांच्या मोजमापात त्रुटी असतात आणि प्रत्येक झोत अगदी हिशेबाइतका पडत नाही. अशा त्रुटी गृहीत धरून लिहिणे, हाच या स्पर्धेचा सर्वांत मोलाचा धडा आहे.

स्फिअर्सची जागा आता ‘अ‍ॅस्ट्रोबी’ रोबोंनी घेतली आहे. नासाच्या एम्स संशोधन केंद्राने बनवलेले हे घनाकृती रोबो २०१९ मध्ये स्थानकात पोहोचले. त्यांची प्रत्येक बाजू सुमारे ३२ सेंटिमीटरची असून नावे बंबल, हनी आणि क्वीन अशी आहेत. ते पंख्यांनी हवा ढकलून पुढे सरकतात, कॅमेऱ्यांच्या साहाय्याने वाट शोधतात आणि चार्जिंगसाठी आपल्या तळाला स्वतः जाऊन जोडले जातात.

शाळकरी मुलांना अवकाशाशी जोडणारा उन्हाळी उपक्रम भारतातही आहे. इस्रोने २०१९ मध्ये ‘युविका’ हा कार्यक्रम सुरू केला. तो प्रोग्रॅमिंगची स्पर्धा नसून नववीच्या विद्यार्थ्यांना अवकाश विज्ञानाची ओळख करून देणारे सुमारे दोन आठवड्यांचे निवासी शिबिर आहे. आठवीचे गुण, ऑनलाइन प्रश्नमंजूषा, विज्ञान प्रदर्शनातील सहभाग अशा निकषांवर निवड होते आणि ग्रामीण भागातील शाळांच्या मुलांना त्यात जादा गुण मिळतात. प्रवास आणि निवासाचा खर्च इस्रो करते. अर्ज साधारणपणे फेब्रुवारी-मार्चच्या सुमारास मागवले जातात, त्यामुळे नववीतील इच्छुकांनी आणि त्यांच्या शिक्षकांनी त्या काळात इस्रोच्या घोषणेकडे लक्ष ठेवावे.