गेट गोठेपर्यंत

भोसरीच्या एमआयडीसीत मोल्डिंगच्या शेडमध्ये शिरलं की आधी कानावर येतो साचा मिटल्याचा ठोका, मग पंपाची घरघर. वितळलेलं एबीएस प्लास्टिक साच्यात भरायला एक-दोन सेकंद पुरतात. पीस पास होणार की भंगारात जाणार, हे बरंचसं पुढच्या काही सेकंदांत ठरतं.

या इंजेक्शन मोल्डिंगच्या यंत्राचं मूळ १८७२ सालच्या हयात बंधूंच्या पेटंटात आहे. त्यात सेल्युलॉइड दट्ट्याने ढकललं जाई. १९४६ मध्ये जेम्स हेंड्री यांनी फिरता स्क्रू आणला आणि प्लास्टिकचा दाणा एकसारखा वितळू लागला.

पण शेडमध्ये लक्ष वेधून घेतो तो यंत्राची सेटिंगं लावणाऱ्या सेटरच्या टेबलावरचा वजनकाटा. प्लास्टिक थंड होताना आकसतं. एबीएस अर्ध्या टक्क्याच्या आसपास, पॉलिप्रॉपिलीन एक ते दोन टक्के. ती तूट भरायला साचा भरल्यावरही मागून दाब धरून ठेवावा लागतो. तो किती वेळ? सेटर हा दाब धरण्याचा वेळ, म्हणजे होल्डिंग, एकेका सेकंदाने वाढवतो आणि प्रत्येक वेळी पीस काट्यावर ठेवतो. चार सेकंद, पाच, सहा. वजन चढत जातं. मग एका सेकंदाला ते थांबतं. साच्यात शिरायची चिंचोळी वाट, म्हणजे गेट, गोठलेलं असतं. आता कितीही दाबा, आत काही जात नाही. त्याआधी दाब सोडला तर माल मागे सरकतो आणि जाड जागी खळगा पडतो. डोळ्यांना न दिसणारी ही घटना साध्या काट्यावर पकडणं, ही खरी कारागिरी.

बाकीची सेटिंगं इतकी सरळ वागत नाहीत. पीस अर्धवट भरतो म्हणून वेग वाढवावा, तर कोंडलेली हवा दाबाने तापते आणि टोकाला काळा डाग पडतो. वेग कमी करावा, तर भोकाला वळसा घालून आलेले दोन प्रवाह नीट सांधत नाहीत. तिथेच पुढे तडा जातो. एका वेळी एकच आकडा बदलायचा आणि काही शॉट थांबायचं, हा नियम सगळ्यांना पाठ असतो. डिस्पॅचची घाई असली की तोच आधी मोडतो.

पावसाळ्यात दाणा हवेतली ओल धरतो. एबीएस ८० अंशांवर दोन ते चार तास वाळवला नाही, तर पिसावर चंदेरी रेघा उमटतात, आणि होल्डिंग किंवा वेग बदलून त्या जात नाहीत.

सगळ्यात काळजीची गोष्ट कूलिंगची. सायकलचा निम्म्याहून जास्त वेळ बहुधा तिथेच जातो, म्हणून काटछाटही तिथेच होते. साच्यातून गरम निघालेला पीस क्रेटमध्ये वाकतो. पॉलिप्रॉपिलीन तर बाहेर आल्यावरही आकसत राहतं, म्हणून नेमकं माप दुसऱ्या दिवशी घ्यायचं असतं. तोवर रात्रपाळीचा माल टेम्पोत चढलेला असतो.