क्लिफ यंग : आख्यायिकेतील अज्ञान आणि नोंदींतील सराव

सिडनी ते मेलबर्न ही ८७५ किलोमीटरची शर्यत १९८३ साली वयाच्या ६१व्या वर्षी जिंकणारे ऑस्ट्रेलियन शेतकरी क्लिफ यंग यांची कथा व्यवस्थापनाच्या शिबिरांतून, प्रेरणादायी व्याख्यानांतून आणि मोबाइलवरील निरोपांतून सतत फिरत असते. गमबूट घातलेला एक म्हातारा अवचित स्पर्धेत उतरतो, लोक त्याला हसतात, रात्री झोपायचे असते हे त्याला कोणी सांगितलेलेच नसते आणि म्हणून तो पाच दिवस अखंड धावून नामांकित धावपटूंना हरवतो, असे तिचे ठरलेले रूप आहे. या मांडणीत यशाचे श्रेय अज्ञानाला मिळते. यंग यांच्या धावण्याचा पूर्वेतिहास मात्र नेमकी उलट साक्ष देतो.

यंग यांचे आयुष्य व्हिक्टोरिया राज्यातील बीच फॉरेस्ट या डोंगराळ भागात बटाट्याची शेती आणि मेंढपाळी करण्यात गेले. वादळापूर्वी मेंढ्या गोळा करण्यासाठी आपण दोन-तीन दिवस सलग धावत असू, असे त्यांनी वार्ताहरांना सांगितले होते आणि गमबूट हे त्या हकिकतीतले आहेत. परंतु पन्नाशी उलटल्यावर ते रीतसर शर्यतीही धावू लागले होते, मेलबर्नच्या मॅरेथॉनमध्ये उतरले होते आणि १९८२ साली तर त्यांनी झीगफ्रिड बाउअर यांचा एक हजार मैलांचा, म्हणजे सुमारे १,६०९ किलोमीटरचा, जागतिक विक्रम मोडण्याचा प्रयत्न केला होता. तो ८०५ किलोमीटरवर सोडून द्यावा लागला. अपयश खरेच; पण सिडनीला उभा राहिलेला हा हौशी धावपटू जवळजवळ या शर्यतीएवढेच अंतर एकदा पायांखालून घालून आला होता, ही बाब प्रेरणादायी व्याख्यानांत सहसा येत नाही.

झोपेचा मुद्दा अधिक बारकाईने पाहण्यासारखा आहे. पहिल्या दिवशी यंग मागेच होते आणि इतर विश्रांती घेत असताना रात्री धावून त्यांनी आघाडी घेतली, हे खरे. साडेपाच दिवसांत त्यांनी डोळा मिटलाच नाही, हे मात्र खरे नाही. ते थोडे थोडे झोपत होते आणि पहिल्या रात्री घड्याळाच्या गफलतीमुळे ठरल्यापेक्षा लवकर उठवले गेले, असे त्या शर्यतीच्या हकिकतींत सांगितले जाते. त्यांनी नोंदवलेली वेळ ५ दिवस, १५ तास आणि ४ मिनिटे होती. भागाकार केल्यास सरासरी वेग ताशी साडेसहा किलोमीटरहूनही किंचित कमी भरतो, म्हणजे झपाझप चालणाऱ्या माणसाइतकाच. अल्ट्रामॅरेथॉनमध्ये, म्हणजे ४२.१९५ किलोमीटरच्या मॅरेथॉनहून लांब पल्ल्याच्या शर्यतीत, किती वेगाने धावलो यापेक्षा किती तास रस्त्यावर राहिलो याला अधिक मोल येते, ते यामुळे. पाय जमिनीपासून फारसे न उचलता आखूड पावले टाकण्याची त्यांची ढब पुढे ‘यंग शफल’ या नावाने ओळखली गेली. तीत शरीर कमी उसळते आणि प्रत्येक पावलाचा हादरा सौम्य राहतो.

विक्रमाचे मूल्यमापनही बेताने करायला हवे. यंग सुमारे दहा तासांच्या फरकाने जिंकले, परंतु शर्यत पूर्ण करणाऱ्या सहाही जणांनी सिडनी ते मेलबर्न धावण्याचा जुना विक्रम मोडला होता, यावरून तो विक्रम फारसा कसोटीला लागलेला नव्हता, असेच अनुमान निघते. १९८४ साली यंग सातवे आले आणि १९८५ साली ग्रीसचे यानिस कूरोस यांनी ९६० किलोमीटरचा लांबवलेला मार्ग ५ दिवस ५ तासांत संपवला. दहा हजार डॉलरचे बक्षीस सहधावकांना वाटून टाकण्याची यंग यांची उदारता मात्र कोणत्याही फेरतपासणीत उणी होत नाही. १९९७ साली, ७५व्या वर्षी, बेघर मुलांच्या मदतीसाठी ते ऑस्ट्रेलियाची सुमारे १६,००० किलोमीटरची प्रदक्षिणा करायला निघाले आणि ६,५२० किलोमीटर धावल्यावर, सोबतचा मदतनीस आजारी पडल्यामुळे, थांबले.