चोचीतली फट दिसली पाहिजे!

शनिवारची दुपार, हातात मित्राची 100-400 ची भलीमोठी झूम लेन्स आणि समोर भंडारा जिल्ह्यातल्या दिघोरीजवळचा तलाव. पलीकडच्या काठावर मुग्धबलाक. गोगलगायींवर ताव मारणारा हा करकोचा. चोच मिटली तरी मध्ये फट राहते. मला तीच फट टिपायची होती. दोनशे फोटो काढले. रात्री लॅपटॉपवर पाहतो तर काय, नुसते धूसर ठिपके!

लेन्सला शिव्या घालणार, तेवढ्यात शटरस्पीड दिसला. 400 वर चक्क 1/160! कॅमेरा हातात धरला असेल तर निदान 1/400 हवा, छोट्या सेन्सरला 1/640. पक्षी उडणार असेल तर 1/1000 च्या पुढेच. त्यासाठी आयएसओ बिनधास्त वाढवा. स्टॅबिलायझेशन आपला हात सावरतं, पक्ष्याला थोडंच थांबवतं!

दुसरा गुन्हेगार ऊन. तापलेल्या जमिनीवरची हवा थरथरते आणि लांबचं सगळंच विरघळतं. त्यावर महागडी लेन्सही इलाज नाही. बांधावरचे काका म्हणालेच होते, "सकाळी येजा बाबू, उन्हात सारंच हालते."

रविवारी साडेसातलाच हजर! तांदळाची पिशवी पाळीवर ठेवून तिच्यावर लेन्स टेकवली. ॲपर्चर एफ 8, आयएसओ 1600, फोकसचा एकच पॉइंट पक्ष्याच्या डोळ्यावर. मग पाठलाग न करता गप्प बसलो. तासाभराने स्वारी स्वतःच जवळ आली.

फोटो जेमतेम वीस. एकात फट लख्ख! ऑफिसच्या डेस्कटॉपवर सध्या तोच आहे.