बेंजोची तार आणि पिकअपची उंची

धसईपासून मुरबाड-शहापूरपर्यंत हळदीच्या मांडवात किंवा गणपतीच्या मिरवणुकीत वाजणारा बेंजो तुम्ही ऐकला असेलच. नाव बेंजो, पण अमेरिकेतल्या बेंजोशी त्याचे नाते नाही. हे आपले बुलबुलतरंग. आणि त्याचे मूळ १९१२ साली जपानमधील नागोया येथे तयार झालेल्या ताइशोगोतो या वाद्यात आहे. मिरवणुकीत त्याला मोठा आवाज मिळतो तो पिकअपमुळे. इलेक्ट्रिक गिटारच्या तारांखाली असतो तसाच हा पिकअप.

पिकअप म्हणजे लोहचुंबक आणि त्याभोवती केसासारख्या बारीक तांब्याच्या तारेचे हजारो वेढे. त्यावर ताणलेली पोलादी तार चुंबकाच्या सान्निध्याने स्वतःही किंचित चुंबक बनते. ती कंप पावली की वेढ्यांतून जाणारे चुंबकीय क्षेत्र कमीजास्त होते आणि, फॅरेडेने १८३१ मध्ये दाखवल्याप्रमाणे, वेढ्यांत विद्युत् दाब निर्माण होतो. तोच अ‍ॅम्प्लिफायरकडे जातो. म्हणजे पिकअप आवाज ऐकत नाही. तो लोखंडाची हालचाल ओळखतो.

मग पिकअप तारेला अगदी भिडवून का बसवू नये? कारण चुंबक तारेला ओढतो, आणि अंतर घटताच ही ओढ झपाट्याने वाढते. तार खाली येताना ओढ जास्त, वर जाताना कमी. त्यामुळे तारेचे उभे कंपन आडव्या कंपनापेक्षा किंचित संथ होते. एकाच तारेतून जवळजवळचे दोन स्वर निघतात, आवाज लहरतो, बेसूर लागतो. पुष्कळदा बिचारी तार बदलली जाते. दोष असतो स्क्रूचा! उलट पिकअप फार दूर नेला तर आवाज क्षीण होतो, आणि अ‍ॅम्प्लिफायर वाढवावा तर घरघरही वाढते.

गिटारवर हे अंतर साधारणपणे २ ते ३ मिलिमीटर ठेवतात, जाड तारांकडे थोडे अधिक. जाड तारेत लोखंड जास्त असते आणि ती हलतेही जास्त. पण तारेवर पितळेचा किंवा तांब्याचा वेढा असेल, तर पिकअपच्या दृष्टीने फक्त आतली पोलादी तारच खरी. अशी जाडजूड तार दबकी वाजते, म्हणून तिच्याकडे पिकअप जवळ आणावा लागतो. तुटलेली तार मिळाल्यास वेढा सोडवून दोन्ही भागांना लोहचुंबक लावून पाहा.

अंतर मोजताना शेवटची चावी दाबून ठेवा, कारण तेव्हा तार पिकअपच्या सर्वांत जवळ असते. मग सर्व तारा सारख्या जोराने छेडा. जी तार इतरांपेक्षा मोठी वाजेल, तिच्या बाजूचा स्क्रू अर्धा फेरा फिरवून पिकअप खाली घ्या आणि पुन्हा ऐका.